कोऱ्या पडद्याचं गणित

अमेरिकेत शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालकांच्या खरेदीत वह्या-पेन्सिलींच्या जोडीला शंभर डॉलरच्या वरचं एक काळं, जाडजूड यंत्रही असतं. टीआय-८४ प्लस, आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. चार बारीक सेल आणि ९६ बाय ६४ ठिपक्यांचा पडदा. हे मॉडेल २००४ सालचं. फोनच्या जमान्यातही ते टिकलं, कारण परीक्षेत फोन चालत नाही, हे चालतं. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट नावाच्या परीक्षेतल्या कॅल्क्युलसला तर १९९५ पासून असं यंत्र लागायचंच.

न्यू जर्सीतल्या भाचीच्या हातात ते पाहिलं आणि दहावीला आलेखकागदावर घाम गाळलेल्या मामाला जे वाटायचं तेच वाटलं : फुकटची चैन! एकसामयिक समीकरणांच्या दोन रेषांसाठी आम्ही तक्ते करायचो, पेन्सिल तासायचो आणि तिसरा बिंदू हमखास शेजारच्या गल्लीत जायचा. इथे समीकरण भरा, बटण दाबा, अन्वस्त हजर.

हजर, पण नेहमी नाही. तिनं वाय बरोबर एक्सचा वर्ग अधिक वीस असं भरलं आणि पडदा कोरा. "मामा, बिघडलं!" बिघडलं काहीच नव्हतं. हे यंत्र सांगितल्याशिवाय उणे दहा ते दहा एवढंच दाखवतं. अन्वस्त सुरूच होतो विसापासून, तर दिसणार कुठून? हद्द माणसानं ठरवायची. म्हणजे आपण उजव्या कोपऱ्यात लिहायचो तेच, 'प्रमाण : १ सेमी = १ एकक'. ते तरी किती जणांनी विचार करून लिहिलं असेल? प्रमाण लिहिलं नाही तर गुण कापतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

पडदा आडवा, म्हणून त्या नेहमीच्या हद्दीत वर्तुळ काढलं की ते अंड्यासारखं लांबट होतं. आणि उणे चिन्हाची बटणं दोन! वजाबाकीचं निराळं, ऋण संख्येचं निराळं. तीन गुणिले उणे पाच करताना वजाबाकीचं दाबलंत की यंत्र सरळ 'सिंटॅक्स' म्हणून अडून बसतं. इतका कडक मास्तर आमच्या शाळेतही नव्हता.

आता या यंत्राचीही सद्दी संपत आलीय. एसएटी या तिथल्या कॉलेज-प्रवेशाच्या डिजिटल परीक्षेच्या पडद्यातच डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बसवलाय. आपण बोर्डाची परीक्षा कॅल्क्युलेटरविना दिली, याचा मात्र उगाच अभिमान नको. बारावीला लॉग टेबलात बोट फिरवून आपण जे आकडे उतरवले, ते तिथे आले कुठून, हे विचारणारा वर्गात एखादाच असायचा. तोही बहुधा गप्प बसवला जायचा.

तेव्हा यंत्र मुलांना खुशाल द्या. फक्त बटण दाबण्याआधी आलेख साधारण कुठे असेल, त्याचं तोंड वर की खाली, हे कागदावर हातानं खरडायला लावा. आणि गुरुजी, त्या वेड्यावाकड्या रेघेला प्रमाणासारखाच एक गुण ठेवा.