सुपरमॅन, जंक्शन आणि बिबट्या

11 जुलै 2025 ला जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ आला. त्यातलं 33 सेकंदांचं चुंबन सेन्सॉर बोर्डाने आधीच कापलं होतं. त्यामुळे पडद्यावर इमारती धडाधड कोसळत असताना शिरूर-दौंडच्या कुटुंबवत्सल प्रेक्षकाला पोरांसमोर मान खाली घालावी लागली नाही. संस्कार वाचले, इमारतींचं बघू पुढे.

दौंडचा प्रेक्षक पडला जंक्शनचा. रेल्वे इंजिनाहून ताकदवान, ही सुपरमॅनची जुनी ख्याती. तिचं इथे कोणाला अप्रूप? त्याची शंका एवढीच, की सिग्नलला खोळंबलेली गाडी हा गडी ढकलत पाटसपर्यंत तरी नेईल का?

शिरूरकरांना भावला तो त्याचा कुत्रा, क्रिप्टो. पण असा मोकळा हिंडला तर रात्रीत बिबट्या उचलणार, हेही तिथल्या तिथे ठरलं. यात अतिशयोक्ती काही नाही. पुढे नोव्हेंबरात याच तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं बिबट्याच्या धास्तीने गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. म्हणजे पोशाख तयार आहे. अचाट शक्तीची फाईल तेवढी वनखात्यात अडली असावी.