भाऊजी, गाडी मुकी वाटून रायली

माझ्या साळ्याच्या ट्रकचा आवाज कमी आहे, हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी कळलं.

तोवर सगळं सुरळीत होतं. माझं सासर आर्वीकडचं. रात्री गाडी नाक्यावर आली की सासूबाई कान टवकारायच्या, तवा ठेवायच्या, आणि तवा तापेपर्यंत साळा हातपाय धुऊन पाटावर. एखाद्या दिवशी मात्र गाडीचा आवाज आला की त्या आयत्या वेळी कांदा चिरून झुणका टाकायच्या. कुठल्या दिवशी झुणका आणि कुठल्या दिवशी नुसतं वरण, हा हिशेब मला कधी उलगडला नाही. जावयानं स्वयंपाकघरात नाक खुपसू नये म्हणून मी विचारलंही नाही.

मग साळ्याच्या एका दोस्तानं बुलेट घेतली आणि तिचा सायलेन्सर बदलला. या सायलेन्सरांना रेड्यांसारखी नावं असतात : लाँग बॉटल, डॉल्फिन, इंदोरी. दोस्त चौकातून गेला की पानठेल्यावरची माणसं माना वळवायची. मागून साळा सहाचाकीत दहा टन माल घेऊन गेला तर कुणी चुन्याची डबीसुद्धा खाली ठेवायचं नाही.

"भाऊजी," साळा एका रात्री म्हणाला, "गाडी मुकी वाटून रायली."

आमचा जिल्हा तसा मौनाचाच. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. सोमवारी त्यांचं मौन असायचं. काही सांगायचं तर चिठ्ठीवर. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर तोंड उघडलं नाही. या दोघांचं न बोलणं दिल्लीपर्यंत ऐकू जायचं. साळ्याला निदान पानठेल्यापर्यंत ऐकू जायचं होतं.

आम्ही मिस्त्रीकडे गेलो. घरातला शिकलेला माणूस म्हणून मी सोबत.

"कोणता पायजे? वाघाचा का विमानाचा?" मिस्त्रीनं विचारलं.

"बुलेटवानी डुगडुग पायजे."

मिस्त्रीनं कीव आल्यासारखं पाहिलं. "बुलेटले एक सिलिंडर. तुमच्या गाडीले सहा. सहा जण एकाच वेळी बोलून रायले, त्यात डुगडुग कुठून येईन बे?"

घरी येऊन मी कागदावर मांडून पाहिलं, तर मिस्त्री बरोबर होता. बुलेटचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांत एक बार, म्हणजे सेकंदाला साडेसात. कान ते जवळजवळ मोजू शकतो. सहा सिलिंडरच्या ट्रकमध्ये एका फेऱ्यात तीन बार. इंजिन ६०० वर पेंगत असलं तरी सेकंदाला ३०. ते मोजता येत नाहीत, त्यांची नुसती घरघर होते. साळ्यानं डुगडुगीचा नाद सोडला आणि वाघावर तडजोड केली.

जुना सायलेन्सर गंजलेला होता, बुडाशी बोटभर भोकही होतं. मिस्त्रीनं तो कापला तेव्हा आतून तसराळंभर काजळी पडली. मी वाकून पाहिलं. आत एक भोकाभोकांची नळी, पोहे चाळायच्या चाळणीची गुंडाळी केल्यासारखी, आणि तिच्या अंगानं पत्र्याच्या आडव्या भिंती. बस्स. यंत्र म्हणावं असं काहीच नाही. आवाज या खोलीतून त्या खोलीत आपटत जातो, परतलेला आवाज नव्यानं येणाऱ्याला भिडतो आणि दोघं एकमेकांना गप्प करतात. जुन्या वाड्यात माजघरातलं भांडण ओसरीवर येईतो नुसतं खाकरणं होऊन येतं, तसंच.

ही युक्ती जुनी आहे. १८९७ साली अमेरिकेत रीव्हज नावाच्या भावांनी मोटारीसाठी असा डबा केला. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम यानं बंदुकीचा सायलेन्सर काढला. त्याच्याच वडिलांनी मॅक्सिम मशिनगन शोधली होती. बापानं केलेला गोंगाट लेकानं निस्तरायचा, ही रीत तिकडेही दिसते. अमेरिकेत सायलेन्सरला मफलर म्हणतात. आमच्या मिस्त्रीनं गाडीचा तो मफलर काढला, भिंती उपटल्या आणि सरळ पाइप वेल्ड केला.

"आता ॲव्हरेजही वाढते," तो म्हणाला.

साळ्यानं चावी फिरवली. मिस्त्रीनं गवयासारखे डोळे मिटले. समोरच्या चहाच्या टपरीवरचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणले. मी काहीतरी म्हणालो, पण काय म्हणालो ते मलाही ऐकू आलं नाही.

महिनाभर वाघ फिरला. पानठेल्यावर माना वळल्या, मागोमाग शिव्याही निघाल्या. पण त्या साळ्यापर्यंत पोचायचा मार्ग त्यानं स्वतःच बंद केला होता. डिझेलच्या वहीत ॲव्हरेज तसूभर हललं नाही. एक बदल मात्र मला दिसला. त्या महिन्यात झुणका एकदाही झाला नाही.

मग एका सोमवारी आम्ही सेवाग्रामला निघालो. तिथल्या दवाखान्याच्या अलीकडे पोलिसानं हात केला. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे १०० मीटर शांततेचे. दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. आमची गाडी नुसती उभी राहिली तरी ती ओलांडत होती.

"कागद दाखव!" पोलीस ओरडला.

"काय म्हणता साहेब?"

"कागद!"

"कापूस नाही साहेब, तूर आहे!"

शेवटी मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. रस्ता एकदम शांत झाला, पण साहेबांचा आवाज जिथं चढला होता तिथंच राहिला. त्या शांततेत कलम १९०, पोटकलम दोन, दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जमा, हे सगळं त्यांनी अर्ध्या सेवाग्रामला ऐकवलं. "शहरात असे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, माहीत आहे का?" साळा काही बोलला नाही. सोमवार होता.

चलान भरलं आणि कंपनीचा नवाकोरा सायलेन्सर बसवला. भोक नाही, गंज नाही. साळ्यानं नवी गाडीच घ्यायचा विचारही करून पाहिला. पण एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल ट्रकांत धूर साफ करायला वेगळं द्रावण भरावं लागतं, आणि ड्रायव्हर त्याला सरळ युरिया म्हणतात. हे सासूबाईंच्या कानावर गेलं. "कपाशीले युरिया भेटत नाही, आन् हे गाडीले पाजून रायले!" विषय तिथंच मिटला.

त्यानंतर मी सासरी गेलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. दारात कुणीतरी खोकलं. साळा उंबऱ्यावर उभा होता. गाडी अंगणात येऊन लागली तरी घरात कुणाला पत्ता नव्हता. चूल विझलेली, तवा भिंतीला टेकलेला. सासूबाई लगबगीनं उठल्या.

यावर साळ्यानंच तोड काढली. आता तो नाक्यावरून मिस्ड कॉल देतो. परवा माझ्यासमोरच फोन वाजला. सासूबाईंनी तवा ठेवला, पण कांद्याच्या टोपलीपाशी जाऊन त्या थांबल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"फोन दोन्ही वेळा सारखाच वाजते बाप्पा," त्या म्हणाल्या. "आधीच्या आवाजात समजे, गाडी परतीचं भाडं भरून आली का रिकामी. रिकामी आली का पोरगा बोलत नाही. मंग झुणका लागते त्याले."