पाटलांचा मधला वकील झाला म्हणे!

"व माय! पाटलांच्या मधल्यानं एलएलबी काढली, पेढे आले. झाला ना वकील?"

"पास झाला, वकील नाही," भिंतीपलीकडून आक्का म्हणाल्या. त्यांचे यजमान धुळ्याच्या कोर्टात नाझर होते, म्हणून आमच्या गल्लीत कायद्याचा शेवटचा शब्द आक्कांचा. (नाझरसाहेब स्वतः काहीच बोलत नाहीत.)

"अहो, मणियार लॉ कॉलेजातून पास झाला. उज्ज्वल निकमांचंच ना ते कॉलेज?"

"हो, पण डिग्री दाखवून जज्जापुढे उभं राहता येत नसतं. आधी सनद, ती मुंबईची बार कौन्सिल देते. १९६१ च्या कायद्यात फी साडेसातशे, पण जागोजागी हजारोंनी उकळायचे, ओडिशात तर चाळीस हजारांवर. शेवटी ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं दटावलं, कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्या."

"मग सनद आली की सुटला."

"कुठला सुटतो? बार एक्झाम राहिली. दोन वर्षांत काढावी लागते. शंभर प्रश्न, कायद्याचं कोरं पुस्तक सोबत न्यायचं."

"पुस्तक बघून? मग नापास कोण होतं?"

"पुष्कळ! कलम कुठं आहे हेच ठाऊक नसलं तर नुसती पानं उलटत बसायचं. त्यात कायदेच बदलले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं."

मला वाटलं, संपलं. पण आक्कांचा खरा राग पुढंच होता.

"परीक्षेचं काय घेऊन बसलीस? खरं दुखणं ज्युनियरकीचं. सिनियरच्या फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या, अर्ज खरडायचे. हातात काय? चहा आणि कधी पेट्रोलचे पैसे. २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं सांगितलं, शहरात वीस हजार, खेड्यात पंधरा हजार द्या. पण ती शिफारस, सक्ती नाही. देतो कोण?"

"त्यापेक्षा सरळ जज्जाची परीक्षा द्यावी."

"त्यालाही मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांची वकिली लावली. आधी कोर्टाची पायरी झिजव, मग खुर्ची माग. बरोबरच केलं, मी म्हणते."

"मग पुण्याला तरी जावं. इथं जळगाव-धुळ्यात काय पडलंय?"

आक्का चिडल्याच. "काय पडलंय? १९३७ साली एका खटल्यासाठी बाबासाहेब आमच्या धुळ्याच्या कोर्टात आले होते. लळिंगला लांडोर बंगल्यात उतरले होते, अजून ३१ जुलैला तिथं माणसं जमतात. आणि प्रतिभाताई? राष्ट्रपती झाल्या त्या बाईंनी वकिली जळगावच्याच कोर्टात केली. पण तू एवढं खोदून का विचारतेस गं?"

सांगावंच लागलं. भाचीसाठी स्थळ म्हणून मनात होतं.

"मुलगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे," आक्कांनी निकाल दिला. "पण त्याची कमाई विचारू नकोस. घरी केळीची बाग किती एकर, ते विचार. पहिली तीन-चार वर्षं संसार त्यावरच चालायचा."