वीस बाय पन्नास

पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्याकडे रामटेकला गडमंदिर पाहायला येतात, असा माझा बरीच वर्षे समज होता. खरे म्हणजे ते पेंचच्या जंगलात नेणाऱ्या सिल्लारीच्या गेटसाठी येतात. गडावर परतीच्या वाटेवर, वेळ उरलाच तर जातात. पहाटे जिप्सीतून जंगलात शिरतात, दुपारी परत येतात आणि आमच्याच घरी आमचाच वडाभात हाणत विचारतात, "तुम्हाला काय, रोजच दिसत असेल!"

मला वाघ कधीच दिसला नव्हता. पेंच 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, 1999 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि मी त्या दोन्हींच्या आधीपासून रामटेकात आहे. तिघांमध्ये वाघाशी काही संबंध नसलेला मी एकटाच. शेवटी मी ठरवले की दोष माझ्या नशिबाचा नाही, डोळ्यांचा आहे. दुर्बीण घ्यायची.

आता किती पॉवरची? या प्रश्नावर जगात सर्वांत जास्त डोके कोणी झिजवले असेल तर ते शिकाऱ्यांनी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दुकान बंद केले, त्यामुळे मी परदेशी शिकाऱ्यांना शरण गेलो. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीबद्दल ही मंडळी जितक्या तावातावाने भांडतात, तितके आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावरूनही कोणी भांडत नाही. तरी त्यांचे मत साधारण असे पडले: मोकळ्या माळावर लांबचे हरीण असेल तर तीन ते नऊ पट आणि चाळीस मिलिमीटरचे भिंग. दाट झाडी असेल, किंवा आफ्रिकेतल्या रानरेड्यासारखे अंगावर येणारे जनावर असेल, तर एक ते चार पट, आणि तीही बहुतेक वेळ एकवरच ठेवायची. जनावर वीस पावलांवर आले की नऊ पटीतून नुसते केस दिसतात; कोणत्या भागाचे, ते कळेपर्यंत जनावर पोचलेले असते. जिम कॉर्बेटच्या रायफलींवर तर नळीवरची साधी माशी होती, आणि नरभक्षकांचे तेवढ्यावर भागले.

हे सगळे मी चष्मा पुसून नीट वाचले आणि निष्कर्ष काढला: मारायला जर चार पट पुरते, तर नुसते पाहायला वीस तरी हवीच.

सीताबर्डीच्या दुकानदाराने वीस बाय पन्नास काढून दिली आणि विचारले, "तिपाई आहे का?" हा तिपाई गळ्यात मारू पाहतो आहे, हे मी तात्काळ ओळखले आणि हसून नाही म्हणालो. गावात टपरीवर दुर्बिणीचे जंगी स्वागत झाले. "वीस! म्हंजे तोतलाडोहावर वाघ पाणी प्याले आला त घरून दिसते!" फक्त एक म्हातारबुवा, ज्यांचे वडील साहेबांच्या शिकारीत हाक्याला जात, दुर्बीण हातात तोलून म्हणाले, "एवढ्या जवळून पाहून का करसान काकाजी? मिशा मोजसान?" जुन्या माणसांना तंत्रज्ञान कळत नाही, म्हणून मी विषय बदलला.

जानेवारीतली पहाट. कानटोपी, मफलर, स्वेटरवर स्वेटर आणि गळ्यात किलोभराचे ते धूड. सोबत आमची सौ., पाहुणे, ड्रायव्हर आणि गाइड. गेटमधून आत शिरताच मी दुर्बीण लावली आणि पाहतो तो काळोख. बाकीच्यांना कडेची चितळे दिसत होती. गणित चौथीतले आहे, पण मला ते तिथे समजले. भिंगाच्या मिलिमीटरला पटीने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. आठ बाय बेचाळीसला सव्वापाच मिलिमीटर. माझ्या यंत्राला पन्नास भागिले वीस, म्हणजे अडीच. पहाटे माणसाची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते. म्हणजे माझे निम्मे डोळे उपाशीच.

उजाडले तेव्हा दुसरे लक्षात आले. दुर्बीण वाघाला वीस पटींनी मोठा करते, तसा हाताच्या थरथरीलाही करते. थंडीने कापणारा मी, त्यात जिप्सीत कोणी शिंकले की समोरचा अख्खा साग भूकंपात सापडल्यासारखा हलायचा. तरीही एका उघड्या गवताळ पट्ट्यापलीकडे, उन्हात, मला बसलेला वाघ स्पष्ट दिसला. पिवळट अंग, खांदा, ताठ मान. मी हळू आवाजात "वाघ!" म्हणालो, पण माझा हळू आवाज आमच्या घरात प्रसिद्ध आहे. मागून येणाऱ्या जिप्स्या थांबल्या. त्यांच्या मागच्याही थांबल्या. सगळ्यांनी मिळून बराच वेळ त्या वारुळाचे दर्शन घेतले.

गाइड सज्जन होता. "होते कधी कधी," एवढेच म्हणाला.

मग एका नाल्यापाशी वानर खाकरले. पाठोपाठ चितळ ओरडले. गाइडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केले. "कॉल चालू हाय." मी दुर्बीण उचलली आणि नाल्याच्या पार पलीकडचा काठ इंच इंच तपासू लागलो. सौ.ने माझी बाही ओढली. मी तिचा हात झटकला. पुन्हा ओढली. मी दुर्बिणीसकट तिकडे वळलो आणि समोर केशरी-काळे धुकट काहीतरी भरून राहिले. पाहुण्यांच्या बायकोची शाल, असे समजून मी ती बाजूला करायला हातसुद्धा पुढे केला.

"काकाजी, डोळ्यानं पहा ना!" गाइडने जिवाच्या आकांताने कुजबुज केली.

मी फोकसचे चाक फिरवले, उलट्या दिशेने. मग सुलट्या. वीस पटींच्या दुर्बिणीत वीस मीटरवर जेमतेम मीटरभर रुंदीचा तुकडा मावतो, आणि वाघ नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत अडीच-तीन मीटर. पूर्ण वाघ पाहायला मला तीन हप्ते लागले असते. त्याला तेवढा वेळ नव्हता. दुर्बीण खाली घेतली तेव्हा रस्त्याच्या कडेच्या गवतात एक शेपूट शिरत होते, आणि तेही लगेच शिरले.

परतताना जिप्सीत सगळे एकदम बोलत होते. तो थांबला, त्याने वळून पाहिले, जांभईच दिली म्हणे. माझ्याकडे पट्ट्यांच्या रंगाबद्दल थोडी माहिती होती, ती कोणी विचारली नाही. आता पाहुणे आले की वाघाचे वर्णन सौ. करते, चष्मा घरी विसरून पाहिलेल्या वाघाचे. मेघदूतातल्या यक्षाने याच रामगिरीवरून मेघाला थेट अलकेपर्यंतची वाट सांगितली, तीही दुर्बिणीशिवाय, हा टोमणा तिने कुठून पैदा केला ते मी शोधतो आहे.

दुर्बिणीवर अन्याय मात्र नको. पेंच 2024 च्या जानेवारीत देशातले पहिले डार्क स्काय पार्क ठरले, तेव्हा वाटले की आपणही वर बघावे. तिपाई आणली (त्याच दुकानातून, मालक काही बोलला नाही, नुसता हसला). गच्चीवर गुरूवर नेम धरला आणि त्याच्या शेजारी एका ओळीत चार ठिपके उभे. गॅलिलिओने 1610 मध्ये हेच चार चंद्र पाहिले, त्याचीही दुर्बीण वीसेक पटींचीच होती. गुरू थरथरत नाही, गवतात शिरत नाही आणि रस्ता ओलांडायला साठ कोटी किलोमीटर अलीकडे येत नाही. वीस पट त्याच्यासाठी आहे.

सिल्लारीला निघालेल्यांनी आठ बाय बेचाळीस घ्यावी, ती गळ्यात अडकवावी आणि वाघ आला की गळ्यातच राहू द्यावी. माझी वीस बाय पन्नास तिपाईसकट विकायची आहे. चंद्र-ताऱ्यांच्या शौकिनांनी जरूर विचारावे. वाघवाल्यांनी येऊ नये, आणि आलेच तर भावात घासाघीस करू नये.