कार्यशाळेला जाणाऱ्या नव्या माळ्यासाठी

समजा, मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावात सार्वजनिक बागेची किल्ली नुकतीच तुमच्या हाती आली आहे. कागदावर हुद्दा शिपाई. काम मात्र माळ्याचं, राखणदाराचं, झोक्याच्या कड्यांना ग्रीस लावायचं आणि ओपन जिमच्या यंत्रांवर गोधड्या वाळत घालणाऱ्या काकूंपुढे हात जोडायचं. दोन-चार महिन्यांत हात बसतो. तो बसला रे बसला की पत्र येतं: ‘उद्यान, क्रीडांगण व वृक्षसंगोपन या विषयावर एकदिवसीय क्षमताबांधणी कार्यशाळा. उपस्थिती अनिवार्य.’ पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पत्र कोणत्या आसेगावचं?

हे आधी बघा. वाशिम जिल्ह्यात आसेगाव एकच नाही. पोलीस ठाण्याचं आसेगाव ते आपलं; रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे; आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा. हजेरीपट तयार करणाऱ्याला ही सगळी गावं सारखीच. त्याला जागा असते एका रकान्याची आणि त्यात तो ‘आसेगाव’ एवढंच लिहून मोकळा होतो. मग पेनवाला तुमच्या नावापुढे सही करतो, तुम्ही त्याच्या, आणि प्रवासभत्ता कोणालाच मिळत नाही. पत्र बहुधा आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतं, तिरकं काढलेल्या फोटोच्या रूपात. मोठं करून तालुका वाचा. मगच झोपा.

तुमचीच निवड का झाली, याचा विचार करत बसू नका. पत्र असतं ‘संबंधित कर्मचारी’ या नावानं. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, त्यांच्याकडे तीन बैठका असतात. ऑपरेटरकडे दाखले असतात. रोजगार सेवकाला मजुरांच्या हजेरीचे फोटो चढवायचे असतात. उरता तुम्ही. आणि योगायोग असा की या वेळी संबंधित कर्मचारी खरोखरच तुम्ही असता. असं फार क्वचित घडतं, तेव्हा ते बोलून दाखवू नका.

वाटेत कोणी ‘बाग हे काय ग्रामपंचायतीचं काम आहे का’ म्हणून छेडलं, तर शांतपणे सांगा की 1958 सालच्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 45 खाली जी ग्रामसूची आहे, तिच्यात क्रीडांगणं, उद्यानं, आखाडे सगळं आहे. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस खिडकीबाहेर बघू लागतो.

निघण्याआधी: पाणी

या मार्गदर्शिकेतलं एवढं एकच प्रकरण नीट वाचलं तरी चालेल.

कार्यशाळा मार्चमध्ये असते. का, ते समजून घ्या. प्रशिक्षणाच्या नावानं आलेले पैसे 31 मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजेत. झाडं मात्र लागतात जुलैत. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, ऑक्टोबरात पाय काढतो. त्यानंतरचे आठ महिने रोपाला जगवतो तो पाईप धरणारा माणूस. मार्चमध्ये वारा कोरडा होतो, काळी जमीन भेगाळायला लागते, गुडघाभर रोपाच्या मुळाशी ऊन उतरतं. नेमक्या त्या दिवसांत, झाडं कशी जगवावीत हे ऐकायला, झाडं जगवणाऱ्या माणसाला दिवसभर सभागृहात बसवलेलं असतं.

त्यामुळे आदल्या संध्याकाळी सोय लावूनच निघा. रोपाभोवतीचं आळं मोकळं करून पोटभर पाणी द्या. त्यावर सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड पसरा. बुंध्याला टेकवू नका; दोन बोटं अंतर सोडा, नाहीतर उधई चढते. कुटार गावात फुकट मिळतं, फक्त मळणी झाली की लगेच मागून ठेवावं लागतं. मार्चमध्ये मागायला गेलात तर ते म्हशीच्या नावावर लागलेलं असतं. फार नाजूक रोपं असतील तर थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्या, झाकणाला सुईनं बारीक भोक पाडा, बूड कापून उलटी करा आणि बुंध्यापासून वीतभर अंतरावर तुऱ्हाटीला बांधा. थेंब थेंब पडत राहतं. काही लोक सलाईनच्या बाटल्या वापरतात. दवाखान्यातून वापरलेल्या आणू नका. तो कचरा वेगळा आहे.

शेजारच्या पोराला सांगून जाणं हा दुसरा उपाय. त्याचा संवाद साधारण असा होतो:

‘‘उद्या झाडाले पानी देशील का रे?’’

‘‘तुमी कुठी चालले?’’

‘‘झाडाले पानी कसं द्याचं ते शिकाले.’’

‘‘मंग इतके दिवस काय देत होते तुमी?’’

याला उत्तर देऊ नका. पाच रुपये द्या.

पोहोचल्यावर

पत्रातली वेळ दहाची. साडेअकरापर्यंत फक्त माइकवाला आणि तुम्ही. तरी लवकर जा, कारण कूलरजवळच्या खुर्च्या चारच असतात. दारात सही केली की पिशवी मिळेल: फोल्डर, पॅड, पेन, एक पुस्तिका. पेन तिथंच चालवून बघा.

दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायला सांगणारा माणूस प्रत्येक सभागृहात असतो. तो तुम्ही होऊ नका. बटण कुठं आहे ते शोधण्यात पुढचा सत्कार चुकतो. आणि सत्कार चुकवायचा नाही. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोप देतात. पाहुणे रोप घेतात, फोटो होईपर्यंत हातात धरतात आणि खाली ठेवतात. त्यांच्या गाडीत जागा नसते, असते ती घाई. दुपारपर्यंत टेबलावर दहा-अकरा पिशव्या जमतात. कुंडीतली शोभेची सोडा. कडुलिंब, करंज, आवळा दिसला की नजर ठेवा.

भाषण

आकडे येतील. 2016 साली राज्यात 2 कोटी झाडांचा संकल्प झाला, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी. आकडे खरे आहेत, लिहून घ्या. ‘त्यातली किती जगली’ हा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो विचारला की वक्ते ‘फार चांगला प्रश्न’ म्हणतात आणि चहा वीस मिनिटं लांबतो. मागच्या रांगेतल्यांचे शाप घ्यायचे की नाही ते ठरवा.

मग पडद्यावर मियावाकी येतील. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ, 2021 साली वारले. एका चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं दाटीनं लावायची आणि थोड्याच वर्षांत जंगल उभं करायचं, ही त्यांची पद्धत. ती खोटी नाही. पण पहिली दोन-तीन वर्षं तिथं पाणी आणि निंदण करावं लागतं, हे त्याच पद्धतीत सांगितलेलं आहे, आणि पडद्यावर ती ओळ नेमकी जेवणाच्या आधी येते.

एक गोष्ट मात्र जागे राहून ऐका. कोणीतरी ‘बिहार पॅटर्न’ म्हणेल. रोजगार हमीच्या लोकांच्या तोंडी हा शब्द सारखा असतो, पण त्यामागचा हिशेब क्वचितच सांगतात, म्हणून इथं देतो. 2009 साली मुझफ्फरपूरला एस. एम. राजू नावाचे आयुक्त होते. त्यांनी रोजगार हमीतून झाडं लावली ती अशी: चार कुटुंबांचा एक गट, त्याच्याकडे 200 रोपं, तीन वर्षं सांभाळायची. 90 टक्के जगली तर पूर्ण मजुरी. 75-80 टक्क्यांवर आली तर अर्धी. त्याहून कमी जगली तर काम दुसऱ्या गटाला. म्हणजे पैसे खड्डा खणण्याचे नव्हते, जिवंत झाडाचे होते. सगळ्या दिवसात ऐकलेल्यापैकी गावाकडे घेऊन जाण्यासारखं हेच. पेन चालत असेल तर लिहा.

घसरगुंडी

क्रीडांगण हा शब्द कार्यशाळेच्या नावात असतो, आत नसतो. सकाळभर झाडं होतात, दुपारी ‘वेळेअभावी’ होतं. माझ्या मते हीच खरी उणीव आहे, कारण रोप मेलं तर दुसरं लावता येतं.

अमेरिकेत नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन नावाची संघटना आहे, 1965 सालची. तिचं दरवर्षी एका शहरात मोठं अधिवेशन भरतं, बागा आणि मैदानं सांभाळणारे देशभरातून जमतात, आणि झोके-घसरगुंड्या बनवणाऱ्या कंपन्या तिथं दुकान मांडून बसतात. त्यांच्याकडे खेळणी तपासणाऱ्यासाठी वेगळी परीक्षा असते. ती पास झाल्याचा दाखला असतो. तपासायचं काय? मूल पडलं तर कशावर पडेल, बोट कुठं अडकेल, डोकं कुठं अडकेल, कडं किती झिजलंय.

आता आपल्याकडचं बघा. बागेचं काम निघालं की आधी गट्टू येतात. वाट गट्टूची, ओटा गट्टूचा, आणि गट्टू उरले म्हणून झोक्याखालीही गट्टू. उद्घाटनाच्या फोटोत ते फार स्वच्छ दिसतात. त्यावर पोरगं तोंडावर पडलं की त्याची आई तुमच्याकडे येते, कंत्राटदाराकडे जात नाही. लोखंडी घसरगुंडी उघड्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसवली की मे महिन्यात दुपारी तिच्यावर भाकरी भाजेल. तोंड उत्तरेकडे करावं किंवा पलीकडे झाड वाढवावं, एवढं साधं आहे, पण सिमेंटात पाय पुरल्यावर सुचून उपयोग नाही.

तुम्हाला करण्यासारखं: झोक्याखालचे गट्टू काढू द्या असा ठराव मागा आणि तिथं वीतभर रेती टाका. ठराव लांबला तर रेती गट्टूवरच टाका. पाऊस आला की वाहून जाईल, पुन्हा टाका. साखळीचं कडं निम्मं झिजलेलं दिसलं की त्याच दिवशी झोका वर बांधून ठेवा. पोरं शिव्या देतील.

जेवण

वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. रांगेत अधिकाऱ्यांच्या मागे नाही, ड्रायव्हरांच्या मागे उभे राहा. पोळ्या गरम कधी येतात ते त्यांना माहीत असतं.

ताट घेऊन लिंबाखाली बसा. कारंज्याकडचा कोणी भेटेल, मानोऱ्याकडचा भेटेल. बोलणं शेळ्यांवर येईलच.

‘‘बाप्पा, आमच्या इकडं तर झाड मोठं होयाच्या आंधी शेळीच मोठी होते.’’

‘‘कुंपन नाही का?’’

‘‘तार होती. नेली कोनी तरी.’’

‘‘निर्गुडी लाव ना मंग. तिले जनावर तोंड लावत नाही, अन् कोनी चोरत बी नाही.’’

हे पुस्तिकेत नसतं. निर्गुडीची फांदी पावसाळ्यात खोचली तरी लागते, दोन वर्षांत कुंपण होतं. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवारफेरी होते ती मला म्हणूनच आवडते: तिथं माणूस उभ्या पिकात चालत चालत विचारतो आणि सांगणाऱ्याला पडदा लागत नाही. माळ्यांची अशी फेरी, आज या गावच्या बागेत आणि पुढच्या वर्षी त्या गावच्या, का निघू नये? खर्च एका टेम्पोचा.

शेवटचा तास

गटफोटोत फलकाच्या बाजूला उभे राहा, फलकासमोर नाही. अहवालात फलक दिसावा लागतो, तुम्ही नाही. प्रमाणपत्रावर नावाची वेलांटी चुकलेली असेल. तिथंच दुरुस्त करून घ्या, नंतर ते ‘सिस्टीममध्ये’ जातं. टेबलावरची रोपं या गडबडीत उचला. विचारायची गरज नाही. उचललीत तर सभागृहाचा शिपाई उलट आभार मानतो. एसटीत ती दोन पायांमध्ये धरा, खिडकीशी नको. गरम वाऱ्यानं एका तासात माना टाकतात.

प्रमाणपत्र हातात पडण्याआधी अभिप्रायाचा कागद भरून द्यावा लागतो. विषय उपयुक्त वाटला का: होय, अंशतः, नाही. जेवण समाधानकारक होते का: होय, अंशतः, नाही. तळाशी ‘इतर सूचना’ म्हणून दोन रेघा असतात. आजवर त्या रेघांवर सगळ्यांनी ‘कार्यक्रम छान झाला’ असंच लिहिलं आहे. गाडीची वेळ झालेली असते, मलाही झाली होती. तुम्ही एवढं करा. लिहा, की कार्यशाळा ऑगस्टमध्ये घ्यावी, तेव्हा पाणी आभाळ देतं. मार्चमध्ये माणूस बागेत लागतो. खाली सही करा, आणि आसेगावपुढे तालुका मंगरूळपीर लिहायला विसरू नका.