कोरमअभावी

एसटीच्या आगाराच्या फाटकाशी 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही' अशी पाटी असते. आमच्या वऱ्हाडात ती पाटी वाचतच माणसं आत शिरतात. मीही शिरतो, आणि मुद्दाम शिरतो, कारण आत कामगार संघटनांचे फळे असतात. संघटना अनेक, म्हणून फळेही अनेक. आणि बुलढाणा जिल्ह्यात आगारं सात. प्रवाशांची नजर गाडीच्या पाटीवर असते, त्यांना या फळ्यांशी देणंघेणं नाही. मला मात्र हे खडूचं वर्तमानपत्र छापील पेपरापेक्षा विश्वासाचं वाटतं. यातल्या बातमीतला माणूस पलीकडच्या पिटमध्ये गाडीखाली उभा असतो. चुकीचं लिहिलं तर तो पाना घेऊन बाहेर येईल.

महागाई भत्ता वाढला की हे फळे वाचण्यासारखे असतात. 'संघटनेच्या पाठपुराव्याला यश!' असं पहिल्या फळ्यावर. दुसऱ्यावरही तेच, फक्त उद्गारचिन्हं दोन. तिसऱ्यावर 'आमच्याच' हा शब्द अधोरेखित. एकदा मी तिथल्या मेकॅनिकला विचारलं, तर तो हात पुसत म्हणाला, "भाऊ, यश तीन ठिकानी आलं, भत्ता एकदाच आला." भत्ता लांबला, तर मात्र सगळे फळे एका सुरात निषेध करतात. श्रेयाला वाटेकरी नको असतो, निषेधाला चालतो.

या स्पर्धेमागे कायदाही आहे. 1926 च्या कामगार संघटना कायद्यात सात जण जमले की नोंदणीचा अर्ज करता येई. 2001 च्या दुरुस्तीनं त्याला दहा टक्के किंवा शंभर कामगारांची अट जोडली, आणि किमान वर्गणीही ठरवली: आस्थापनेतल्या कामगाराला वर्षाला बारा रुपये. म्हणजे महिन्याला एक रुपया. हल्ली त्यात टपरीवरच्या चहाचा वासही येत नाही. पण एवढ्या पैशात माणसाला पदाधिकारी निवडायचा, त्याला वर्षभर नावं ठेवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच निवडायचा असा तिहेरी हक्क मिळतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात 51 टक्के सभासद ज्या संघटनेकडे, तीच वाटाघाटीची मानकरी. तेव्हा यापुढे फळ्यांवरची उद्गारचिन्हं वाढणार, हे सांगायला भेंडवळची घटमांडणी नको.

सूचनांमध्ये माझी आवडती म्हणजे सर्वसाधारण सभेची. 'सर्व सभासद बंधूंना कळविण्यात येते की' अशी ती सुरू होते. कोण कळवतं ते शेवटपर्यंत कळत नाही, जणू आकाशवाणीच. मग विषयपत्रिका: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, आणि तळाशी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. अनुभवी सभासद थेट हा तळ वाचतो. कारण भांडण तिथंच व्हायचं असतं. त्याच्याही खाली बारीक अक्षरात ती अमर तळटीप: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही. आपली माणसं येणार नाहीत हे आधीच गृहीत धरून, त्यांच्यावर न रागावता सभा पार पाडणारी एवढी समंजस तरतूद मला दुसरीकडे दिसलेली नाही. त्या अर्ध्या तासात चहा होतो, पगाराची चर्चा होते, ब्रेकच्या लायनरपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं होतं. खरी सभा तीच. नंतरच्या सभेत फक्त हात वर होतात.

यांत्रिक कर्मचाऱ्यांच्या सूचना वेगळ्या वासाच्या असतात. त्यांत गणवेशाचा कपडा येतो, साबण येतो, रात्रपाळी येते. आमचा जिल्हा दोन मजल्यांचा आहे: बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर, खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. दोन्हींच्या मधे राजूर घाटासारखी वळणं. वरून मलकापूरकडे उतरणाऱ्या गाडीत साठ माणसं डुलक्या घेत बसतात, ती कुणाच्या भरवशावर? ड्रायव्हरच्या म्हणाल, तर अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं आदल्या रात्री पिटमध्ये बॅटरी तोंडात धरून ब्रेक तपासत होतं. त्याचा सत्कार होत नाही. घाटात काही झालं नाही, एवढीच त्याच्या कामाची बातमी, आणि काही न झाल्याची बातमी कोणत्याच फळ्यावर लागत नाही.

त्यात आमच्याकडे यात्रा फार. होळीच्या सुमारास सैलानीची, मग शेगावची रामनवमी, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाची गर्दी. प्रत्येक वेळी प्रशासनाची सूचना एकाच वळणाची: जादा वाहतुकीमुळे साप्ताहिक सुट्ट्या रद्द. आणि संघटनेच्या फळ्यावर लगेच बदली सुट्टीची मागणी. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणलं आणि खटपट करकरून 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडली. आपल्या देशातल्या कामगार चळवळीची पहिली मोठी कमाई म्हणजे एक दिवस घरी बसणं, हे मला फार सुसंस्कृत वाटतं. आमच्या मेकॅनिकचा रविवार कधी मंगळवारी येतो, कधी सैलानीबाबा घेऊन जातात. पण फळ्यावर त्याची नोंद राहते, उधारीच्या वहीत राहावी तशी.

एका काळात मात्र या फळ्यांकडे हसत बघता आलं नाही. 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला तो संप, एसटीच्या राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी. तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. आपल्या सहकाऱ्यांच्या आत्महत्यांमुळे कर्मचारी त्याला संप म्हणेनात, दुखवटा म्हणत. संघटनांचे झेंडे माणसांनी स्वतःच बाजूला ठेवले होते. ज्यांचं भांडण फळ्यांवरच्या श्रेयावरून चालायचं ते एकाच मंडपात एकाच सतरंजीवर बसले. खंडेनवमीला हे दरवर्षी होतंच, पाना-जॅकची पूजा झाली की प्रसादाला कोणी सभासदत्वाची पावती विचारत नाही. पण तो प्रसाद असतो आणि हा उपास होता.

आता सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलंय, फळे कशाला हवेत असं तरुण पोरं म्हणतात. त्यांचं खरं आहे. ग्रुपवर सूचना क्षणात पोचते आणि तेवढ्याच क्षणात सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडली जाते. फळ्याला जागा कमी, हा त्याचा गुण. नवी बातमी लिहायची तर जुनी पुसावी लागते, म्हणजे डस्टर हातात घेऊन कोणाला तरी ठरवावं लागतं: रक्तदान शिबिर ठेवायचं की फरकाच्या बिलाची तारीख? ज्याच्या हातात डस्टर, तो संपादक. ग्रुपला ॲडमिन असतात, संपादक नसतो.

माझ्या पाहण्यातल्या एका आगारात हे काम एक हेडमेकॅनिक करायचे. हात ग्रीसचे, अक्षर मात्र पुस्तकातलं. इतरांचे सेवापूर्ती सोहळे त्यांनी वर्षानुवर्षं रंगीत खडूनं सजवले. पुढं त्यांची स्वतःची पाळी आली. दुसऱ्या कोणाचं अक्षर लावण्यासारखं नव्हतं, तेव्हा आपल्याच निरोपाची सूचना त्यांनी आपणच लिहिली. आपल्या नावाआधी 'श्री.' लिहिताना ते थोडे अडखळले म्हणे. प्रामाणिक आणि मनमिळाऊ ही दोन विशेषणं सगळ्यांच्या वाट्याला यायची. त्यांनी स्वतःसाठी तेवढी गाळली. खाली नेहमीचं 'बहुसंख्येने उपस्थित राहावे'. दुपारपर्यंत कोणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात दोन्ही विशेषणं कोपऱ्यात कोंबून, शेवटी आणखी एक ओळ घातली होती: 'जेवनाची वेवस्था आहे.'

त्यांनी आयुष्यभर फळ्यावर एकही अशुद्ध ओळ राहू दिली नव्हती. डस्टर उचललं, दोनदा ओळ वाचली आणि खिशातल्या खडूनं शेवटी एक पूर्णविराम नीट करून दिला. त्या सभेत कोरमचा प्रश्न उद्भवला नाही. उलट पत्रावळी कमी पडल्या, आणि त्या आणायला जाण्यावरून ऐनवेळचा विषय निघालाच.