पैकीच्या पैकी

देशात आरोग्यावरचं संशोधन आधी कशावर व्हावं, हे ठरवायचं म्हणजे समिती हवी. समितीला पद्धत हवी. ती तयारच आहे. प्रत्येक प्रश्नाला पाच कसोट्या लावायच्या: उत्तर मिळेल का, उपाय लागू पडेल का, तो राबवता येईल का, आजाराचा भार उतरेल का आणि गोरगरिबांच्या पदरात काही पडेल का. हो म्हटलं की एक गुण, नाही म्हटलं की शून्य, नक्की सांगता येत नसेल तर अर्धा. विषयातलं काही कळतच नसेल तर रकाना कोरा सोडायचीही सोय आहे. ती कुणा तज्ज्ञाने वापरल्याचं ऐकिवात नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) माता-बालआरोग्य आणि पोषणाची २०१६ ते २०२५ची यादी याच पद्धतीने केली. पद्धत वाईट नाही हो. ज्याचा आवाज मोठा त्याचा विषय पहिला, यापेक्षा गुणपत्रिका केव्हाही बरी. फक्त परीक्षेला कोणते प्रश्न बसवायचे हेही परीक्षकच ठरवतात, एवढीच मेख.

आता प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का टिकत नाही, हा प्रश्न घ्या. क्वार्टर गळतं, पोरांना धड शाळा नाही, नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर. उत्तर केंद्रातल्या शिपायालाही पाठ आहे. म्हणून विषयाचं नव्याने बारसं करायचं: 'ग्रामीण मनुष्यबळ-धारणेचे बहुआयामी निर्धारक'. झाली तीन वर्षांची निश्चिंती! डॉक्टर नेमला तर पगार दरमहा द्यावा लागतो. अभ्यासाचं अनुदान एकदा दिलं की सुटलो.

खर्चाचा प्रश्न तर यादीत घेऊच नये. २००२चं राष्ट्रीय आरोग्य धोरण म्हणालं, सरकारी आरोग्यखर्च २०१०पर्यंत जीडीपीच्या २ टक्के. २०१७चं म्हणालं, २०२५पर्यंत अडीच. दोन्ही मुहूर्त टळले. पुढचा अभ्यास पंचांगकर्त्यांकडे सोपवावा.

लोकांना विचारावं म्हणतात. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला गेलं, त्यांनी विचारलं. लोकांनी दवाखान्याआधी अन्न आणि पाणी मागितलं. विचारलं की अशी पंचाईत होते. पाण्याचं खातं वेगळं, त्याची समितीही वेगळी.

तरीही आमच्या कल्पनेतल्या समितीने 'तळागाळाचा आवाज' म्हणून एका आशाताईंना बोलावलंच. त्या म्हणाल्या, "सर, रजिस्टर भरू, ॲप भरू, का बाळ बघायला जाऊ? आणि मागचा मोबदला कधी?" सभागृह गहिवरलं. अध्यक्षांनी याला 'समृद्ध गुणात्मक माहिती' म्हटलं आणि संमतीपत्रावर बाईंची सही घेतली. गुण देताना मात्र अडलं. उत्तर मिळेल, पण ते द्यायचं कुणी, हा रकाना तक्त्यात नव्हता.

दिवसअखेर एकाच प्रश्नाने बाजी मारली: सदस्यांचा प्रवासभत्ता कधी? उत्तर मिळण्याजोगं, उपाय जालीम, राबवायला कारकून हजर, भार तात्काळ हलका. समन्यायाचा तेवढा अर्धा गुण कापला गेला, कारण सदस्य विमानाने आले होते आणि आशाताई एसटीने.